नाक्यावर थांबलेलं प्रथिन

आमच्या पेडणे महालात अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमी खंयचे?" गाव सांगितलं की लगेच दुसरा, "कोणागेले?" या दोन प्रश्नांची उत्तरं पटली, कुणा आतेच्या किंवा मावशीच्या वाटेनं नातं जुळलं, की पाहुणा ओसरीवर येतो. पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढे होतो. नातं जुळलं नाही तरी पाणी मिळतं, पण बोलणं अंगणातच संपतं.

इब्रामपूर हे आमचं गाव गोव्याच्या उत्तर टोकाला. पलीकडे दोडामार्ग, म्हणजे सिंधुदुर्ग, म्हणजे महाराष्ट्र. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत मध्ये पोर्तुगिजांची सरहद्द होती, नंतर ती राज्याची झाली. शाळेत मराठी, घरात कोकणी आणि बाजारात अर्धी कोकणी, अर्धी मालवणी, असं आमचं बोलणं. सोयरिकी मात्र सरहद्द विचारून कधी झाल्या नाहीत. माझी थोरली बहीण, अक्का, लग्न होऊन भेडशीच्या बाजूला गेली आणि बोलता बोलता महाराष्ट्राची झाली. आम्ही दोघंच भावंडं. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी.

हे सगळं सांगायचं कारण असं की, माणसाच्या रक्तातल्या काही पेशी हेच दोन प्रश्न विचारत अहोरात्र फिरत असतात. मी हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, एवढं फळ्यावर लिहून पुढच्या धड्याकडे वळायचं, असा आमचा अभ्यासक्रम. त्या सैनिकांना उठवतो कोण, त्यांना हुकूम कुठून सुटतो, हे पुस्तकात नव्हतं. ते मी शिकलो २०१३ सालापासून, अक्काची डावी किडनी माझ्या उजव्या कुशीत बसवली गेली तेव्हापासून.

त्याआधीचं वर्ष डायलिसिसचं. रक्तदाबानं दोन्ही मूत्रपिंडं आक्रसत गेली होती. आठवड्यातून तीनदा पहाटेच्या बसनं म्हापशाला जायचं, चार तास यंत्राला जोडून पडायचं आणि संध्याकाळी धुतलेल्या कापडासारखं होऊन परत यायचं. दिवसाला मोजून एक लिटर पाणी. जून महिन्यात पागोळ्या गळत असताना तहानेनं जीव कासावीस व्हायचा. अक्का भेटायला आली तेव्हा मी पेल्यात बर्फाचा खडा घेऊन तो चघळत बसलो होतो. तिनं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बाबू, देवान माका दोन दिल्यान. एक तुका दिलंय तर काय उणा पडतला?"

भाओजी गप्प राहिले. त्यांच्या घरी चार दिवस चूल पेटली की नाही कोण जाणे. अक्काची मुलगी लग्नाची होती, काजूची बाग अक्काच्याच अंगावर होती, आणि दवाखान्याचा दरवाजासुद्धा न पाहिलेली बाई आपणहून पोट फाडून घ्यायला निघाली होती. तिच्या सासरच्यांनी विचारलेले प्रश्न मला आजही चुकीचे वाटत नाहीत.

कायद्याच्या बाबतीत एक गंमत आहे. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा संसदेनं १९९४ साली केला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यानं तो आरंभी केंद्रशासित प्रदेशांना आणि तीनच राज्यांना लागू झाला. गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र ही ती तीन राज्यं. म्हणजे आमच्या सरहद्दीच्या दोन्ही अंगांना एकच कायदा, आणि त्यात बहीण ही जवळची नातेवाईक. अडचण निघाली ती अक्का माझी बहीणच आहे हे दाखवायची. आमच्याकडे लग्नानंतर मुलीचं आडनावच नाही, नावही बदलतं. जन्माची नोंद गोव्यात एका नावानं, रेशनकार्ड महाराष्ट्रात दुसऱ्या नावानं. एका कचेरीतून दुसरीत, तिथून तिसरीत असे आम्ही दोन महिने फिरलो. शेवटी कामाला आलं ते वडिलांच्या माघारी झालेलं खत. गोव्याच्या कायद्यानं मुलीला मुलाइतकाच हिस्सा. अक्कानं आपला हिस्सा माझ्या नावे सोडला होता, आणि त्या कागदावर तिची माहेरची आणि सासरची अशी दोन्ही नावं होती. जो कागद करून तिनं घरावरचा हक्क सोडला, त्याच कागदानं ती माझी बहीण ठरली आणि तिला किडनी देण्याची मुभा मिळाली.

कागद पटले, तरी शरीराला कागद वाचता येत नाहीत. आपल्या केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या दारावर प्रथिनांची एक पाटी असते. तिला एचएलए म्हणतात. निम्मी पाटी आईकडून येते, निम्मी वडिलांकडून. सख्ख्या भावंडांत ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अर्धी जुळण्याची चारात दोन आणि अजिबात न जुळण्याची चारात एक. आमची अर्धी जुळली. एका आईच्या पोटी येऊनही माझ्या शरीराच्या लेखी अक्का अर्धी परकीच होती.

१९५४ च्या डिसेंबरात बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी जगातलं पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण केलं, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. दोघांच्या पाट्या अक्षरशः एकच, त्यामुळे शरीरानं हरकत घेतली नाही. बाकीच्यांचं काय? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली प्रयत्न झाला, पण रोगी वाचला नाही. भारतातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण वेल्लोरला १९७१ साली झालं. त्या काळी कापणं आणि शिवणं सर्जनांना उत्तम येत होतं. अडत होतं ते घरमालकाची समजूत घालण्यापाशी.

आता त्या समजुतीच्या मुळाशी असलेल्या प्रथिनाकडे येतो. त्याचं नाव एनफॅट. 'न्यूक्लिअर फॅक्टर ऑफ ॲक्टिव्हेटेड टी सेल्स' या लांबलचक नावाचं हे लघुरूप. अर्थ इतकाच की, चेतवलेल्या टी-पेशींच्या केंद्रकात सापडणारा घटक. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जेराल्ड क्रॅबट्री यांच्या गटानं १९८८ साली त्याची चाहूल लावली. १९९३ मध्ये भारतीय वंशाच्या अंजना राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वेगळं काढून ओळखलं.

टी-पेशी म्हणजे छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होऊन बाहेर पडलेली पांढरी पेशी. तिच्या पोटात केंद्रक आणि केंद्रकात जनुकांची पोथी. कुठल्या पेशीनं पोथीतलं कुठलं पान कधी वाचायचं हे ठरवणारी जी प्रथिनं असतात, त्यांपैकी एनफॅट एक. एरवी ते केंद्रकाच्या बाहेर, पेशीद्रवात पडून असतं. त्याच्या अंगाला फॉस्फेटचे बरेच गट चिकटलेले असतात आणि ते आहेत तोवर त्याला आत प्रवेश नसतो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर गाडी नाक्यावर उभी आणि सील लागलेलं.

टी-पेशीला परकी पाटी दिसली की तिच्या आत कॅल्शियमचा लोंढा शिरतो. त्यानं कॅल्सिन्युरिन नावाचं एक विकर जागं होतं. ते एनफॅटच्या अंगावरचे फॉस्फेट काढून टाकतं. सील तुटलं की एनफॅट केंद्रकात जातं, पोथीतलं ठरावीक पान उघडतं आणि इंटरल्युकिन-२ नावाचा निरोप्या तयार होऊ लागतो. त्या निरोपासरशी टी-पेशी एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा वाढत जातात. काही दिवसांत फौज उभी राहते आणि परक्या अवयवावर चालून जाते. उलट कॅल्शियम ओसरलं तर फॉस्फेट पुन्हा चिकटतात आणि एनफॅट मुकाट्यानं बाहेर येतं.

ही साखळी तोडणारी औषधं सापडली ती मातीत. नॉर्वेतल्या एका पठारावरून १९६९ साली आणलेल्या मातीत एक बुरशी मिळाली. तिच्यापासून निघालेल्या सायक्लोस्पोरिनचा हा गुण १९७२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात लक्षात आला. जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीतल्या जंतूपासून १९८४ साली टॅक्रोलिमस मिळालं. दोन्ही औषधं माणसांना वाचवू लागली, तरी ती नेमकं काय करतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. १९९१ साली उलगडा झाला. दोन्ही औषधं पेशीत वेगवेगळ्या प्रथिनांचा हात धरतात आणि दोन्ही जोड्या अखेर जाऊन कॅल्सिन्युरिनलाच अडवतात. सील तोडणाराच अडला, म्हणजे एनफॅट नाक्यावर थांबलं.

मी सकाळी आठला आणि रात्री आठला टॅक्रोलिमस घेतो. बारा वर्षं उलटली, एकही वेळ टळलेली नाही. गोळी घेण्याआधी रक्त देऊन तिची पातळी पाहायची. माझ्यासाठी ठरवलेली पातळी होती मिलिलिटरमागे ५ ते ७ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. खाली गेलं तर एनफॅट आत शिरणार, वर गेलं तर साधा ताप जिवावर बेतणार. या दोन आकड्यांच्या मधल्या चिंचोळ्या बांधावरून माझं चालणं आहे.

बांधावरचे नियमही विचित्र. चतुर्थीला माटोळी बांधताना तोरिंग मीच निवडतो, पण खात नाही, कारण तोरिंगाच्या फोडींनी रक्तातलं औषध वाढतं. पावसाळ्यात मळ्याच्या चिखलात उतरायचं नाही, लेप्टोची भीती. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला, तेव्हापासून हंगामात अक्काच्या काजूच्या बागेत माझं पाऊल नाही, तिथं गोचिडी असतात. औषधानं हात किंचित थरथरतो. फळ्यावर माझं अक्षर वळणदार म्हणून ख्याती होती. शेवटच्या काही वर्षांत मुलं म्हणायची, "सर, तुमची रेघ पाण्यासारखी हलता."

२०२० साली कोविडच्या दिवसांत गावभर एकच शब्द झाला, प्रतिकारशक्ती. प्रेमानं कुणी गुळवेल आणून देई, कुणी काढा. "मास्तर, तुमचीच शक्ती कमी, तुमीच घ्या." ज्या शक्तीला मी सकाळ-संध्याकाळ आवरून धरत होतो, तीच वाढवा म्हणून लोक आर्जवं करत होते. दाराच्या आत उभं राहून मी सगळ्यांना हात जोडत असे. त्या वर्षी अक्का आणि मी साडेसात महिने भेटलो नाही. सरहद्दीवर गाड्या अडवल्या होत्या. तिची किडनी अलीकडे आणि ती पलीकडे.

एवढं ऐकल्यावर एनफॅट हा खलनायक वाटेल. तसं मुळीच नाही. क्षयाच्या जंतूशी आणि तापाच्या विषाणूशी लढणारी फौज त्याच्याच हुकुमानं उठते. गर्भात हृदयाच्या झडपा घडतात त्यात या घराण्यातल्या एकाचा हात असतो. घराण्यात एकूण पाच जण. पाचवा, एनफॅट-५, हा कॅल्सिन्युरिनच्या हुकुमात नाही. तो जागा होतो तो खारटपणानं. मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यात मिठाचं प्रमाण फार असतं. तिथल्या पेशींना त्या खारटपणात तगून राहायला हा पाचवा मदत करतो. म्हणजे ज्या किडनीवर चार भाऊ चालून येऊ शकतात, तिच्याच पोटात पाचवा राखणीला बसलेला.

मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट याहून पुढची आहे. केंद्रकात शिरलेलं एनफॅट युद्धाचं पान एकट्यानं उघडत नाही. त्याला एक सोबती लागतो, त्याचं नाव एपी-१. तो कधी तयार होतो? टी-पेशीला परकी पाटी दिसली आणि शिवाय खरोखर धोका असल्याची दुसरी साक्ष मिळाली, तर. साक्ष मिळाली नाही तर सोबती येत नाही आणि एनफॅट एकटंच आत जातं. २००२ साली अंजना राव यांच्याच गटानं दाखवलं की अशा वेळी ते वेगळीच पानं उघडतं. पेशी शांत होते. पुढे तीच पाटी पुन्हा दिसली तरी ती उठत नाही. शास्त्रज्ञ या अवस्थेला सहनशीलता म्हणतात. तेच प्रथिन, तेच केंद्रक, परका पाहुणाही तोच. सोबतीला कोण आहे यावर युद्ध की शेजार हे ठरतं.

हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. सरहद्दीवर आयुष्य गेलेल्या माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये, तरी वाटली. इथं भाषेवरून वाद पेटले, पाण्यावरून बोलाचाली झाल्या, दोन्ही बाजूंच्या गाड्या अडल्या. दर वेळी पलीकडचा माणूस तोच होता. त्याच्याविषयी दुसरी साक्ष द्यायला कोण पुढे आलं, त्यावर पुढचं ठरत गेलं. आमच्या घरापुरतं पाहिलं तर भाओजींनी गप्प राहून दिलेली साक्ष मला आठवते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते एकटेच मुंबईला आले, अक्काच्या उशाशी बसले आणि मला म्हणाले, "आता जपा." बाकी काही नाही.

औषध बंद करून शरीराला ही सहनशीलता शिकवता यावी, असे प्रयत्न जगात चालू आहेत. दात्याच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी देऊन काही थोड्या रोग्यांच्या गोळ्या थांबवता आल्या आहेत. माझ्यापर्यंत ते यायला वेळ आहे, आणि वेळ हीच माझी अडचण. कारण टॅक्रोलिमसचा एक गुण मी अजून सांगितलेला नाही. जी किडनी ते वाचवतं, तिलाच ते वर्षानुवर्षांत थोडं थोडं खातं. गेल्या वर्षी माझं क्रिएटिनिन १.३ वरून १.८ वर गेलं. सुई घालून किडनीचा तुकडा तपासला. अस्वीकार नव्हता. औषधाच्या खुणा होत्या, बारीक रक्तवाहिन्या जाड झालेल्या. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, मात्रा कमी केली तर किडनीचं आयुष्य वाढेल, पण एनफॅट जागं होण्याची भीती वाढेल. आहे तीच ठेवली तर भीती कमी, आयुष्यही कमी. ठरवायचं दोघांनी मिळून.

ते ठरवण्याआधी मी भेडशीला गेलो. किडनी माझ्या पोटात असली तरी तिच्याविषयी अक्काला विचारल्याशिवाय मी काही ठरवणार नव्हतो. अक्का आता साठीच्या पलीकडे आहे. एका किडनीवर तिचं उत्तम चाललं आहे, दर वर्षी तपासणी होते, बाग अजून तीच पाहते. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "कमी कर. पण रगत तपासूक आळस करू नको." आम्ही मात्रा उतरवली. पातळी आता चार-साडेचारच्या आसपास ठेवतात आणि रक्त दर महिन्याला द्यावं लागतं. क्रिएटिनिन १.६ वर थांबलं आहे. किती दिवस थांबेल ते पुढच्या तपासण्या सांगतील.

मी निघालो तेव्हा अंगणात शेजारीण आली होती. भाऊ एवढा शिकलेला मास्तर, मग बारा वर्षं गोळ्या कसल्या खातो, असं तिनं विचारलं. अक्का सुपातले काजू निवडत होती. मान वर न करता तिनं सांगितलं, "तेच्या रक्तात एक राखणदार आसा गे. माझी किडनी तेका चोर वाटता. म्हणान तेका गोळयेन बसवन ठेवक होया. पण पुराय निजवक नाय होयो, खरोच चोर इलो तर उठाक होयो ना?" शेजारणीला ते पटलं. तिनं सुपातले चार काजू उचलून माझ्या हातावर ठेवले आणि पुढची तपासणी कधी आहे म्हणून विचारलं. चतुर्थी झाल्यावर, मी म्हटलं.